एकशे चाळीस मजले

लिफ्टवाल्याला एकदा, फक्त एकदाच, ताईच्या आधी डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचायचं होतं. अकरा वर्षं ही भावंडं सात किलोमीटरच्या चढाची शर्यत धावत होती आणि अकराही वर्षं ताईने त्याला धूळ चारली होती. ताई शाळेत गणित शिकवायची. वय चौपन्न, जिभेला धार. यंदा तिने जाहीर करून टाकलं, "गुडघा कुरकुरतोय. हे शेवटचं. तुला बाराव्यांदा हरवते आणि बूट माळ्यावर टाकते."

म्हणजे संधी एकच. आणि नेमका याच वर्षी सरावाच्या नावाने आनंदीआनंद! नव्या हॉस्पिटलच्या सहा लिफ्ट बसवायच्या, त्यात दुरुस्तीची कामं बघणारा जोडीदार आजारी, तीन महिने दुहेरी पाळी. पहाटे धावायला जायचं सोडाच, दाढीला सवड मिळाली तरी नशीब.

"मग यंदा जाऊच नका," बायको म्हणाली.

"अगं, जिने आहेत ना!"

लिफ्ट बंद असली की गच्चीवरच्या मशीनपर्यंत जिन्यानेच जावं लागतं. हा गडी हत्यारांची पिशवी पाठीवर टाकून पळत चढायचा. डोंगराची उंची म्हणजे एकशे चाळीस मजले, असा त्याने हिशेब मांडला. रोज साठ-सत्तर तर तो चढतच होता. झालं की! उतरताना मात्र लिफ्टच. आपण दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून आधी आपणच खाली यायचं, हा त्याचा धंद्यातला नियम.

शर्यतीच्या सकाळी तो सुटला तो सुटलाच.

"अरे, जरा दमाने! पहिल्याच वळणावर तोंडाला फेस येईल!" ताई मागून ओरडली.

फेस कुठला! चौथ्या किलोमीटरपर्यंत स्वारी हवेत होती.

तिथून रस्ता ओढ्याकडे चांगला अर्धा किलोमीटर खाली उतरतो. हा उतार त्याला काही नवा नव्हता, पण उतार म्हणजे फुकटचा आराम, त्याचा कसला सराव करायचा? दहा पावलं टाकली आणि मांड्या लटलट कापायला लागल्या. घरही तळमजल्यावर, तीन महिन्यांत हे पाय धड एक जिना उतरले नव्हते! आपण काय गाढवपणा केला ते त्याला भर उतारावर कळलं. शेवटी तोंड चढाकडे करून तो उलटा चालू लागला. त्यामुळे मागून येणारी ताई त्याला अगदी समोरासमोर दिसली. तीही दातओठ खात, एक पाय सांभाळत, तिरकी तिरकी उतरत होती.

"हे काय रे? उलटा का चालतोस?"

"तुझं दर्शन घेतोय."

"घे, घे. आता पाठच बघायचीय," म्हणत ती पुढे गेली.

ओढा ओलांडून चढ लागला, तसे त्याच्या पायांना पुन्हा पंख फुटले. टाकी दिसायला लागली तेव्हा ताई वीस पावलं पुढे होती. मग दहा. मग बरोबरीला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटची शर्यत हिची. जिंकू दे, काय बिघडतंय? त्याने पाय आवरता घेतला.

गणिताच्या बाईला हे कळणार नाही होय?

"दया करतोस माझ्यावर?" ती कडाडली. "अकरा वर्षांत मी तुला एकदा तरी सोडलंय का? पळ, नाहीतर कानफटात देईन!"

तो पळाला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तरी पळाला, आणि टाकीच्या भिंतीला हात लावून मागे वळला. ताई सात पावलांवर होती. तिनेही भिंतीला हात लावला आणि तिथेच फतकल मारली. हरल्यावर तोंड कसं करायचं याची तिला सवयच नव्हती. आता ही रडणार, असं त्याला वाटलं.

"ताई, गुडघा दुखतोय का गं?"

"गुडघा गेला खड्ड्यात," ती धापा टाकत म्हणाली. "हरून कोणी सोडतं का? डॉक्टरला सांगते, नीट कर बाबा, पुढच्या वर्षी मला याची खोड मोडायचीय."

जिंकल्याचा आनंद त्याला झालाच होता; पण हे ऐकून त्याने जी आरोळी ठोकली, ती ऐकून धावणाऱ्यांना पाणी वाटणारी माणसं कुणाला काय झालं म्हणून धावत आली.