हरणाबाईचा आकडा

फौजेतल्या सगळ्या नोकरीत नाथाजीनं बंदूक कमी आणि पेन जास्त चालवलं होतं. हवालदार क्लार्क म्हणून रिटायर होऊन तो उंब्रजजवळच्या आपल्या गावी आला, तरी आकड्यांचं वेड काही सुटलं नाही. कुणी म्हणालं की लग्नाला हजारभर माणूस होतं, की हा लगेच विचारणार, "मोजलंस व्हय रं?" कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा ग्रामपंचायतीनं असल्या माणसाच्या हातात खडू दिला. रोज सकाळी उपकेंद्राच्या सिमरन सिस्टरचा फोन यायचा आणि नाथाजी पंचायतीपुढच्या फळ्यावर तीन ओळी लिहायचा: बाधित, बरे झालेले, मयत. एकदा सरपंच हळूच म्हणाले, "नाना, जरा हात आखडता घ्या. दुधाची गाडीबी गावात यायला भितीया." नाथाजीनं खडूच त्यांच्यापुढं धरला. "मग तुमीच लिवा." त्यानंतर त्याच्या वाटेला कुणी गेलं नाही.

फळ्यासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं शाळा. आजारी माणसं शाळेतच ठेवलेली. तिथल्या एका खिडकीत लालासाहेब असायचा. तो नाथाजीचा जिवाभावाचा दोस्त. एकाच भरतीला दोघं उघड्या अंगानं धावले होते. लाला आणि त्याची बायको हरणाबाई एकदमच आजारी पडले. लाला शाळेत राहिला. हरणाबाईचा ऑक्सिजन मात्र घसरला. साताऱ्यात खाट मिळेना, म्हणून अँब्युलन्स तिला घेऊन थेट मिरजेला गेली. जाताना तोंडावर मास्क असतानाही तिनं नाथाजीला हातानंच घास दाखवून विचारलं, जेवलात का. नाथाजीची बायको वारल्यापासून त्याचं दुपारचं ताट हरणाबाईकडंच असे. "भावजी, चार भाकरी मोजून खावा," ती चिडवायची, "पाचवी मी वाढंन, ती मोजायची न्हाई."

लाला खिडकीतून रोज फळा बघायचा. "फोनवर समदी गोड बोलत्यात गड्या," तो ओरडून सांगायचा, "हरणी बरी हाय, मास्क हाय म्हनून बोलता येत न्हाई म्हनत्यात. म्या कुनावर इस्वास ठिवत न्हाई. तुजा फळा बघतो. शेवटची वळ हलली न्हाई की माजा जीव खाली पडतो."

त्या सकाळी सिस्टरच्या आधी शंभूराजचा फोन आला. शंभूराज म्हणजे लालाचा एकुलता एक मुलगा. तोही फौजेत, लेहला पोस्टिंग, वरून रजा बंद.

"काका, आई गेली." फोनमध्ये वारा घोंगावत होता. "मिरजेवरनं फोन आला हुता. तिथंच उरकणार हायेत. मला येता येत न्हाई, काका."

नाथाजीनं फोन कानाला घट्ट धरला.

"आबांना सांगू नगा. सिस्टर म्हनाल्या, त्येंचा ऑक्सिजन लय खाली आलाय, धक्का सोसायचा न्हाई. आन् काका... आबा फळा बघत्यात."

नाथाजी तडक उपकेंद्रात गेला. सिमरन सिस्टरचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "काका, त्या सांगली जिल्ह्यात गेल्या. त्यांना तिकडच्या आकड्यात धरतील. आपल्या यादीत नाव आलेलंच न्हाई, मग तुमी खोटं लिवलं असं कुठं हुतंय?"

पोरगी त्याला वाट काढून देत होती, हे त्याला कळत होतं. आणि तिकडं सांगलीवाले म्हणणार, बाई साताऱ्याची, आमची नव्हे, हेही त्याला कळत होतं. दोन्हीकडची कागदं जुळेपर्यंत हरणाबाई कुणाच्याच मोजणीत नव्हती. आयुष्यभर त्यानं ज्या गोष्टीचा राग केला, तीच आज त्याच्या पदरात पडली होती.

तो फळ्यापुढं उभा राहिला. पाठीला लालाची नजर जाणवत होती. वरच्या दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीपाशी हात थांबला. मयत नऊ होते. ओल्या फडक्यानं नऊ पुसले आणि पुन्हा नऊच लिहिले.

मागून आवाज आला, "नाथ्या, आज बी कोन न्हाई न्हवं?"

"न्हाई," नाथाजी फळ्याकडं तोंड करूनच म्हणाला.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. पण नळावर शिव्या घालणाऱ्या बायकांपासून पारावरच्या रिकामटेकड्यांपर्यंत एकानंही तोंड उघडलं नाही. ज्या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या गावानं लालाकरता ते सांभाळलं. डबा द्यायला जाणारी माणसं खिडकीपाशी आली की हवापाण्याचं बोलून निघायची. नाथाजी घरी येऊन रोज स्वतःच भाकरी थापायचा. मोजून चार.

मग म्हातारी साळूबाई गेली आणि नऊचे दहा झाले. खरे तर अकरा. लाला खिडकीच्या गजांना लटकून ओरडला, "कोन रं? नाथ्या, कोन गेलं?"

"साळूआत्या."

लालानं सुस्कारा सोडला. मग स्वतःच्याच सुस्काऱ्याची लाज वाटून तो आत गेला. नाथाजीला वाटलं, आत्ताच ओरडून सांगावं. पण सिस्टर म्हणाली होती, सकाळपासून लालाचा ऑक्सिजन जरा वर सरकतोय. त्यानं खडू फळ्याखाली ठेवला आणि तो घरी निघाला.

आणि लाला वाचला. अंगात नुसती हाडं उरली होती, पण आपल्या पायांनी तो शाळेबाहेर आला. कुणी बरं होऊन निघालं की गावात फुलं उधळून टाळ्या वाजवायची पद्धत पडली होती. त्या दिवशी फुलं आणली होती, पण उधळायला कुणाचा हात उठेना. लाला मात्र हसत नाथाजीपाशी आला. "चल गड्या, गाडी सांग. मिरजेला जाऊ. हरणीला घिऊन यिऊ."

नाथाजीनं त्याचे दोन्ही हात धरले. कुणाला शिवू नये, अंतर ठेवावं, हे फळ्याच्या तळाशी त्यानंच लिहिलेलं होतं.

"लाला, वहिनी न्हाईत रं. मागल्याच आठवड्यात गेल्या. म्या लिवलं न्हाई."

लाला फळ्याकडं वळला. रडला नाही, ओरडला नाही. फार हळू आवाजात बोलला.

"म्या रोज सकाळी त्यो नवाचा आकडा बगून औंधाच्या दिशेला हात जोडायचो. म्हनायचो, यमाई, आज बी कोन गेलं न्हाई, तुजी किरपा. माजी बायकू सरणावर, आन् म्या देवीचं उपकार मानत हुतो. साळूआत्या गेली तवा बरं वाटलं मला. नाथ्या, बरं वाटलं रं."

"तू जगावास म्हनून..." नाथाजी हमसून रडू लागला. सिमरन सिस्टरनं तोंडावर ओढणी घेतली.

"जगलो की," लाला म्हणाला. मग खाली वाकून त्यानं फळ्याखालचा खडू उचलला. लोकांना वाटलं, फेकून मारतोय. त्यानं तो नाथाजीच्या तळहातावर ठेवला.

"लिव."

"लाला, यादीत अजून..."

"यादी ऱ्हाऊंदे. तुज्या हातचं गाव खरं मानतं. म्याबी मानलं. लिव तिला."

नाथाजीनं दहाचा आकडा पुसला. अकराचे दोन एक वेडेवाकडे आले. त्याच्या अक्षराला साहेबसुद्धा नावाजत, पण असला आकडा त्यानं जन्मात काढला नव्हता.

लालानं तो नीट वाचला. टोपी काढून हातात घेतली.

"आत्ता गेली," तो म्हणाला, आणि पंचायतीच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. नाथाजी त्याला खेटून बसला. गाव रस्त्यापलीकडं उभं होतं. त्या दिवशी दुपारपर्यंत तिथून कुणी हललं नाही.