श्टोर्श उडेपर्यंत देव पाण्यात

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बाळकृष्ण पाण्यात बसला, तो वांग्याच्या भरितापायी.

खरं कारण रॉकेट होतं, पण रॉकेटं काय, रोजच कुठे ना कुठे उडायची राहतात. त्या शनिवारी मात्र हृषिकेश अर्धी भाकरी आणि सगळं भरीत टाकून ताटावरून उठला, आणि मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या सासूबाईंना, शोभनाताईंना, ते फार लागलं. तुर्की दुकानातून वांगी निवडून आणायची, घरात गॅस नाही म्हणून ओव्हनमध्ये भाजायची, आणि एवढं करून जावई ताट सारतो म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असणार.

हा हृषिकेश मेकॅनिकल इंजिनिअर. गाडीची सीट वरखाली करणारी मोटर बनवणाऱ्या कंपनीत त्याला आठ वर्षं झाली होती, म्हणजे नोकरीत त्याचा उड्डाणाशी संबंध फार तर सहा सेंटिमीटरचा. ती कसर तो घरी भरून काढी. कुठली खासगी कंपनी कधी रॉकेट सोडणार, ते का सुटलं नाही आणि आता पुन्हा कधी सुटणार नाही, हे त्याला तोंडपाठ. लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मात्र त्याला फोनमधल्या गजराने करून द्यावी लागे.

त्यातलं त्याचं लाडकं म्हणजे श्टोर्श. श्टोर्श म्हणजे करकोचा. हॅम्बर्गच्या एका लहानशा कंपनीचं हे पहिलंवहिलं रॉकेट नॉर्वेच्या उत्तर टोकाला एका बेटावर उभं होतं आणि तिथून हलायचं नाव घेत नव्हतं. चार वर्षांपूर्वी हॅम्बर्गच्या बंदरात भर पावसात उभं राहून हृषिकेश त्याचं इंजिन बोटीवर चढताना बघून आला होता. म्हणजे खोकं बघून आला होता. इंजिन आत होतं असं सगळे म्हणत होते.

आता चूक कुणाची म्हणाल तर हृषिकेशचीच. शोभनाताईंना त्या शनिवारी राजाचा डोंगरावरचा किल्ला बघायचा होता आणि उड्डाण नेमकं शनिवारीच आलं. ‘मला घरी बसून रॉकेट बघायचंय’ असं सासूला सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याने ठोकून दिलं, “आई, शनिवारी ऑफिसचं काम निघालंय. आमच्या रॉकेटचं उड्डाण आहे.” आणि थाप शोभावी म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून, कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसला. दोन मिनिटं उरली असताना घड्याळ थांबलं. वारा जास्त होता. उड्डाण बारा दिवस पुढे गेलं आणि हृषिकेशची भूक त्याच्यासोबत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी मशीनच्या शेजारी स्टीलचं वाडगं, वाडग्यात पाणी आणि पाण्यात बाळकृष्ण. लग्नात माहेरून आलेला, अंगठ्याएवढा, पितळी, रांगणारा, हातात लोण्याचा गोळा. शोभनाताई त्याला मागे ठेवून कुठेही जात नसत.

“तुमचं रॉकेट वर जाईपर्यंत बाहेर काढायचा नाही,” त्या म्हणाल्या. “तसं बोलले आहे मी त्याच्याशी. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे हो.”

हृषिकेश कॉफी न घेताच आंघोळीला पळाला.

तिथून पुढे घरात दोन गोष्टी लांबणीवर पडत गेल्या, श्टोर्शचं उड्डाण आणि हृषिकेशचा कबुलीजबाब. बारा दिवसांनी एक झडप अडकली. ती सुटली तर हद्दीत एक मच्छीमार नाव शिरली, आणि नावेतला म्हातारा रेडिओ बंद करून झोपला होता. मग काही दिवस नुसतंच धुकं. इकडे हृषिकेश रोज ठरवायचा, आज चहाला सांगू. चहाला वाटायचं, जेवताना सांगू. जेवताना सासूबाई देवाचं पाणी बदलत असायच्या आणि हा ठरवायचा, उद्या चहाला सांगू.

“तुझ्यात आणि त्या श्टोर्शमध्ये काडीचा फरक नाही,” ऊर्मिला, त्याची बायको, म्हणाली. “दोन मिनिटं राहिली की थांबतोस.”

“मग तूच सांग ना. तुझी आई आहे.”

“थाप तुझी आहे,” ती म्हणाली आणि हसू दाबत ऑफिसला गेली. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते हृषिकेशला तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात निराळंच लचांड उभं राहिलं. म्युनिकच्या बाजूचं पाणी जड, चुन्याने भरलेलं. इथे लोक किटलीतला काल्क, म्हणजे चुन्याचा थर, काढण्यात निम्मं आयुष्य घालवतात. बाळकृष्ण तर अष्टौप्रहर त्यातच बसलेला. आधी त्याच्या गुडघ्यांवर पांढरं आलं, मग पोटावर, आणि महिन्याभरात असा दिसायला लागला की हातातलं लोणी त्याने अंगभर चोपडून घेतलंय. किटलीची पावडर टाकावी असं हृषिकेशने सुचवून पाहिलं. शोभनाताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. बाहेर तर काढायचा नाही. शेवटी जावईबापू रोज सकाळी बाह्या सरसावून, पाण्याखालच्या पाण्याखाली, टूथब्रशने देव घासू लागले.

मग देवाला बाटलीचं पाणी सुरू झालं. पहिल्याच दिवशी हृषिकेश घाईत बुडबुड्यांचं पाणी घेऊन आला. बाळकृष्ण नखशिखान्त फसफसला. हृषिकेशचं धाबं दणाणलं, पण शोभनाताई वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

“गुदगुल्या होतायत त्याला,” त्या म्हणाल्या. “राहू दे आजच्या दिवस.”

त्याच दिवशी नॉर्वेत रेनडिअरचा कळप उड्डाणतळावर येऊन बसला आणि तारीख पुन्हा गेली. हृषिकेशने हे सगळं रॉकेटप्रेमींच्या चॅटग्रुपवर लिहिलं. ग्रुपवर दोनशे जर्मन. हसला कुणीच नाही. पाणी किती मिलिलीटर आणि किती तासांनी बदलता, एवढंच विचारलं. ड्रेस्डेनच्या एका विद्यार्थ्याने तर पाण्याचा प्रकार आणि उशिराचं कारण यांचा तक्ता करून टाकला.

बघता बघता परतीचा गुरुवार आला. शुक्रवारी शोभनाताईंचा व्हिसा संपत होता, आणि देव अजून पाण्यात. नवस पुरा झाल्याशिवाय काढायचा नाही, मागे ठेवायचा नाही, आणि विमानात हातातल्या सामानात पाणी न्यायचं तर शंभर मिलिलीटरच्या आत. खाली द्यायच्या सामानात ठेवावा तर, “देवाला सूटकेसमध्ये कोंबू?” ऊर्मिलेने आपली क्रीमची रिकामी काचेची बरणी काढली. रुंद तोंडाची, बरोबर शंभराची. बाळकृष्ण रांगता रांगता तिरका होऊन आत मावला.

श्टोर्शची नवी वेळ गुरुवारचीच, सकाळी अकरा ते एक. ऊर्मिलेला मीटिंग होती. हृषिकेशने उरलीसुरली सुट्टी टाकली आणि सासूबाईंना घेऊन एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, विमानतळावर निघाला. एका हातात सूटकेस, एका हातात फोन. शोभनाताईंच्या मांडीवर पारदर्शक पिशवी, पिशवीत बरणी, बरणीत देव. समोरची बाई पूर्ण पंधरा मिनिटं त्या बरणीकडे बघत होती. खरं सांगायचं तर हृषिकेशला रडू येत होतं. आज रॉकेट गेलं नाही तर ही बाई देव तसाच बुडवून मिरजेपर्यंत नेणार, तिथेही पाण्यात ठेवणार, आणि ते सगळं एका किल्ल्याला जायचा कंटाळा केला म्हणून.

“आई,” तो म्हणाला, “मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

“आधी त्याचं बघा,” शोभनाताई फोनकडे बोट दाखवत म्हणाल्या. “किती राहिली?”

“चोवीस मिनिटं.”

मध्ये घड्याळ पाऊण तास अडकून पडलं, म्हणून सूटकेस देऊन सुरक्षा तपासणीच्या दोरीपाशी पोचले तेव्हाही चार राहिली होती, आणि चारावर घड्याळ थांबलं. मागे रांग वाढत होती. दोरीपलीकडे हृषिकेशला जाता येत नव्हतं.

“मी निघते आता,” त्या म्हणाल्या. “वर गेलं की दोन्ही हात वर करा. मला चष्म्यातून दिसतं.”

त्या आत गेल्या. हृषिकेश दोरीला चिकटून उभा राहिला. घड्याळ हललं. तीन मिनिटं. शोभनाताईंनी पर्स ट्रेमध्ये ठेवली. दोन मिनिटं, आणि या वेळी ते थांबलं नाही. तपासनिसाने बरणी उचलून उजेडात धरली. आतून बाळकृष्णाने त्याच्याकडे पाहिलं. तपासनिसाने काहीतरी विचारलं, शोभनाताईंनी काहीतरी सांगितलं. एक जर्मनमध्ये, एक मराठीत, आणि दोघांनीही मान डोलावली.

मग फोनवर आग दिसली, धूर दिसला, आणि तो लठ्ठ करकोचा चक्क जमीन सोडून वर निघाला.

हृषिकेशने दोन्ही हात वर केले.

शोभनाताईंनी बघितलं. शांतपणे बरणी तपासनिसाच्या हातून घेतली, झाकण उघडलं, देव बाहेर काढला, पदराने पुसला, कपाळाला लावला. बरणीतलं पाणी तीर्थ म्हणून प्यायल्या. शेवटचा घोट त्यांनी तपासनिसाला देऊ केला. त्याने नम्रपणे नको म्हटलं आणि रिकामी बरणी ट्रेमध्ये ठेवली. “गेनाऊ,” तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. आता सगळं नियमात होतं.

हृषिकेशचे हात अजून वरच होते. त्यातल्या एका हातातल्या फोनवर, एकेचाळिसाव्या सेकंदाला, श्टोर्श एका बाजूला कलला, थोडा विचार केल्यासारखा थांबला, आणि डोकं खाली करून समुद्रात पडला. ते त्याला हात खाली घेतल्यावर दिसलं. तोवर शोभनाताई निघून गेल्या होत्या.

अर्ध्या तासाने गेटवरून त्यांचा फोन आला.

“आई, पडलं ते,” हृषिकेश म्हणाला. “समुद्रात. मी हात वर केले तेव्हा जात होतं हो, खोटं नाही बोललो.”

“किती वर गेलं?”

“असेल दीड किलोमीटर.”

“मग झालं की. वर जाऊ दे एवढंच बोलले होते मी. वरच राहू दे, असं नव्हते बोलले.” त्यांचा आवाज मजेत होता. “पुढच्या वेळी नीट बोलायला हवं.”

आता थांबलो तर पुन्हा बारा दिवस, हे हृषिकेशला कळलं. त्याने डोळे मिटले. “आई, ते रॉकेट आमचं नाही. माझ्या नोकरीशी त्याचा काही संबंध नाही. मी सीटच्या कंपनीत आहे. मी तुम्हाला थाप मारली.”

“माहीत आहे मला. देव पाण्यात ठेवला त्याच संध्याकाळी ऊर्मिलेनं सांगितलं.”

हृषिकेशने मनात हिशेब केला. अडीच महिने. टूथब्रश. बुडबुडे. “मग तुम्ही काढला का नाही?”

“अहो, ऑफिसात सीटच्या मोटर बिघडल्या की तुम्ही दोन भाकऱ्या जास्तच खाता, मी बघितलं ना. ह्याच्यासाठी ताट सोडून उठलात. मग मोठं काय, नोकरी की हे?” मागे त्यांच्या विमानाची घोषणा सुरू झाली. “भरीत करून ठेवलंय. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. आज टाकायचं नाही. आणि त्या हॅम्बर्गच्या पोरांनाही कुणीतरी जेवायला घाला म्हणावं.”

घरी आल्यावर हृषिकेशने फ्रिज उघडला. ग्रुपवर दोनशे जर्मन एकच गोष्ट विचारत होते. त्याने लिहिलं, ‘देव बाहेर, कोरडा, विमानात.’ मग कॉफी मशीनशेजारचं ते स्टीलचं वाडगं घेतलं. आत पाण्याच्या रेषेवर काल्कचं पांढरं कडं बसलं होतं, घासून जाण्यासारखं नव्हतंच. त्याने त्यातच भरीत काढून घेतलं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या सगळं संपवलं.