टटलसाहेबांचा चार तासांचा वर्ग

मारिसेला ओकासिओची व्हॅन चार वर्षं घरापासून दीड मैलावर, बोलिंग हॉलच्या मागे उभी राहायची. दोन्ही अंगांना निळा पंखा रंगवलेला आणि खाली हातभर आकड्यांत फोन नंबर. मारिसेला एसी दुरुस्त करायची. फ्लोरिडातल्या ऑगस्टमध्ये एसी बंद पडला की लोकांचा जीव कासावीस होतो, आणि त्यांचा फोन आला की ही बाई आधी सायकल काढून दीड मैल घाम गाळणार, मग व्हॅन गाठणार. कारण हेरन कोव्ह वसाहतीचा नियमच तसा होता: नाव-नंबर रंगवलेली कामाची गाडी घरापुढे दिसता कामा नये. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावून मोकळं व्हायचं. तिसरं जुनं गिऱ्हाईक असं तुटलं तेव्हा मारिसेला म्हणाली, आता बास.

नियम राखणारे गृहस्थ म्हणजे हार्लन टटल, अकरा वर्षं घरमालक संघाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. मागच्या वादळाच्या आदल्या दिवशी त्यांनी सत्तरीत शिडीवर चढून शेजारपाजारच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, त्यात मारिसेलाच्याही. पण नियमाचा विषय निघाला की ते कुणाचे सगेसोयरे नव्हते. कुणाची टपालपेटी फिकी पडली, कुणाचं गवत बोटभर वाढलं, लगेच पत्र.

राज्याचा कायदा बदलल्याचं मारिसेलाला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. घरमालकाने आपली कामाची गाडी, नंबर रंगवलेली असली तरी, आपल्या ड्राइव्हवेत, म्हणजे घरापुढच्या गाडीच्या जागेत, खुशाल लावावी. अवजड ट्रक तेवढा नको. तिला वाचूनही खरं वाटेना. संघांच्या कमिट्यांसाठी राज्याने चार तासांचा वर्ग काढला होता, तो बाईने कमिटीवर नसतानाही कॉम्प्युटरवर बसून पुरा केला. प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी व्हॅन दारात आणून उभी केली.

दहा वाजायच्या आत टटलसाहेबांची नोटीस दारावर होती. गाडी हलवा, नाहीतर मंगळवारच्या बैठकीत कारवाई.

मंगळवारी क्लबहाउसात पंचवीसेक माणसं जमली. कमिटी तीन जणांची, पण एक खुर्ची वसंत ऋतूपासून रिकामी होती. उरले दोघे, टटलसाहेब आणि सेक्रेटरी विनिफ्रेड केस्लर, वय वर्षं ऐंशी. टटलसाहेबांनी व्हॅनचा विषय पुकारला. मारिसेला उठली आणि गाडीच्या कायद्याचं नाव न काढता तिने एवढंच विचारलं, की कमिटीच्या सभासदांनी तो वर्ग केल्याची प्रमाणपत्रं फाइलला आहेत का. निवडून आल्यापासून नव्वद दिवसांत ती द्यायची असतात. निवडणूक मार्चमध्ये झाली होती, आता ऑगस्ट.

केस्लरबाईंनी फाइल उघडली. पानं उलटली, पुन्हा उलटली. त्यांचं स्वतःचं होतं.

"हार्लन, तुझं नाहीये रे इथे."

"त्या वर्गाची सूचना मीच फलकावर लावलीये," टटलसाहेब म्हणाले. "एप्रिलमध्ये. जाऊन बघा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सूचना होती, चारी कोपऱ्यांत टाचण्या मारून, अगदी सरळ रेषेत. अकरा वर्षं त्यांनी सूचना लावायच्या आणि लोकांनी त्या पाळायच्या, असंच चाललं होतं. ही सूचना आपल्यालाच उद्देशून आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. केस्लरबाईंनी नियम वाचून दाखवला: वर्ग पुरा होईपर्यंत पद निलंबित. टटलसाहेबांनी अध्यक्षांची लाकडी हातोडी टेबलावर ठेवली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. कुणी हसलं नाही. मारिसेलालाही मजा वाटली नाही, आणि त्याचं तिला नवल वाटलं.

बैठक मोडल्यावर केस्लरबाईंनी तिला कोपऱ्यात गाठलं. "अगं, रिकाम्या जागी मी तुला नेमते. वर्ग तुझा झालेलाच आहे. आपण दोघी मिळून ती नोटीस आत्ता फाडून टाकू."

"आणि उद्या वसाहत काय म्हणेल? गाडी दारात लावायची होती म्हणून खुर्चीवर चढून बसली. नको, विनिफ्रेड. माझ्या गाडीचा निकाल मी नाही देणार. ज्यांनी नोटीस लावली तेच ती काढतील."

"हार्लन? तो जन्मात नाही काढायचा."

"काढतील. त्यांना लिहिलेलं पटतं. त्यांनी ते वाचलेलं नाही, एवढंच."

शनिवारी सकाळी तिने टटलसाहेबांचं दार वाजवलं. त्यांचा कॉम्प्युटर जुनाट, हा वर्ग त्यावर उघडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. माझ्या टेबलावर या, ती म्हणाली, कॉफी मी करते. त्यांनी बराच वेळ दाराची कडी धरून ठेवली. मग इस्त्रीचा शर्ट घालून, नवी कोरी वही घेऊन आले.

टेबल खिडकीशी होतं आणि खिडकीतून व्हॅन दिसत होती. टटलसाहेब शाळकरी मुलासारखे टिपणं घेत होते. हिशेब कसे ठेवायचे, कागद किती वर्षं जपायचे, सगळ्यात पैकीच्या पैकी. तिसऱ्या तासाला प्रश्न आला: रहिवाशाला व्यवसायाचं नाव रंगवलेली आपली गाडी स्वतःच्या ड्राइव्हवेत लावता येते का?

त्यांनी 'नाही' दाबलं.

उत्तर चूक. भाग पहिल्यापासून. पस्तीस मिनिटं पुन्हा तेच ऐकायचं. मारिसेला भांडी विसळत राहिली. जीभ मात्र शिवशिवत होती.

प्रश्न दुसऱ्यांदा आला. टटलसाहेबांनी चष्मा काढला, खिडकीबाहेर पाहिलं.

"हा कायदा मला पटलेला नाही, मिस ओकासिओ."

"मला तुमचा नियम चार वर्षं पटला नव्हता, मिस्टर टटल. तरी मी सायकल मारलीच ना?"

टटलसाहेबांनी चष्मा चढवला आणि 'हो' दाबलं. मग वहीचं मागचं पान उघडून, हात न थांबवता, पुढच्या बैठकीचा पहिला विषय लिहिला: व्हॅनची नोटीस मागे घेणे, सूचक हार्लन टटल. पान फाडून तिच्या हातात दिलं. या माणसाने लिहिलेला विषय कधी बारगळल्याचं वसाहतीत कुणाला आठवत नव्हतं. मारिसेलाने ते पान फ्रिजवर प्रमाणपत्राशेजारी लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या वसाहतीतलं म्हातारं जोडपं, पहाटेपासून एसी बंद, आजोबांना धाप लागलेली.

"तुमचा शेवटचा भाग राहिलाय," ती किल्ल्या घेत म्हणाली. "बसा निवांत. जाताना दार ओढून घ्या."

"मिस ओकासिओ," टटलसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "लोक वाट बघताहेत. निघा."

ती दारातून सरळ व्हॅनमध्ये चढली. जोडप्याने फोन ठेवून मिनिटही झालं नसेल, ती रस्त्याला लागली होती.