मास्तरांच्या कंबरेचं माप

"साडेएकेचाळीस," बाई म्हणाल्या आणि टेप झटकन काढून घेतला.

टेपवर चाळीस होतं. चांगलं ठळक चाळीस. पण मास्तरांची पाठ बाईंकडे होती आणि नजर समोर कटिंगच्या टेबलावर उघडलेल्या वहीत. त्यांनी मुकाट्याने साडेएकेचाळीस लिहिलं, खाली रेघ मारली आणि कपाळाला हात लावला.

"सहा आठवडे झाले चालतोय. सहा! आणि गेला किती, तर अर्धा इंच. हे पोट आहे की पोतं?"

बाईंनी टेप मुठीत आवळून धरला.

आता कोणी म्हणेल, अहो, माणूस चाळीस वर्षं शिंपीकाम करतोय आणि त्याला स्वतःच्या कंबरेचं माप घेता येत नाही? नाही घेता येत! स्वतःच्या कंबरेला टेप लावून आकडा बघायला वाकलं की पोट आत जातं आणि माप हुकतं. मास्तरांनी नवशिक्यांना हेच शिकवलं होतं, आणि स्वतःही ते पाळत आले होते. गिऱ्हाइकाचं माप मास्तर घ्यायचे, बाई लिहायच्या. मास्तरांचं माप बाई घ्यायच्या, मास्तर लिहायचे. घरापुढच्या त्या दुकानात इतक्या वर्षांत बाईंनी कोणाचं माप पाव इंचानेही चुकवलं नव्हतं. लोक त्यांना कौतुकाने मास्तरीणबाई म्हणायचे. आणि आता त्या दर रविवारी नवऱ्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होत्या.

त्याला कारण होतं. बाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस. मास्तरांची किडनी जुळत होती, द्यायला तर ते एका पायावर तयार. पण डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा बघून मान हलवली. एक्क्याण्णव किलो. "तीन महिन्यांत ब्याऐंशीच्या खाली आलात तर तुमची किडनी घेऊ. नाहीतर तुमच्याच जिवाला धोका. मग बाईंचं नाव प्रतीक्षायादीत, आणि ती यादी लांबलचक आहे."

मास्तरांचा चेहरा पडला होता. बाईंना मात्र, खोटं कशाला सांगायचं, हायसं वाटलं होतं. कारण मास्तरांचे थोरले भाऊ असेच हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला गेले होते. संध्याकाळी गप्पा मारू म्हणून हसत आत गेले, ते परत आलेच नाहीत. तेच रक्त, तसाच देह. बाईंनी आधी ठाम नकार दिला होता. त्यावर मास्तर दोन दिवस जेवले नाहीत आणि लेक फोनवर हमसून हमसून रडली. शेवटी बाईंनी वरवर होकार दिला आणि मनात म्हटलं, हा माणूस कसला नऊ किलो उतरवतोय! घरातून दुकानात यायला दहा पावलं, तीसुद्धा कुरकुरत टाकणारा. चहात तीन चमचे साखर. दोन आठवड्यांत नाद सोडेल.

नाद सोडतोय कसला! मास्तर पहाटे उठून चालायला लागले. साखर बंद केली. तिसऱ्या आठवड्यात पँट सैल झाली आणि बाईंनी सुईदोरा काढला.

मास्तर पट्टा लावत नसत. पट्टा लावावा लागला तर तो शिंपी कसला, असा त्यांचा बाणा. काट्यावर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि परीक्षेसारखी धास्तीही होती. तीन महिन्यांनी डॉक्टर वजन करणार त्या मंगळवारच्या आधी काट्यावर चढायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर: पँटच्या कंबरेवर आणि बाईंच्या तोंडच्या आकड्यावर. बाईंनी दोन्ही ताब्यात घेतल्या. मास्तर अंघोळीला गेले की वाळत घातलेली पँट खाली काढायची, मागची शिवण उसवायची, कंबर अर्धा इंच आत घ्यायची, आतलं कापड इस्त्रीने सपाट करायचं. तीन पँटी होत्या, तिन्ही आत घेतल्या. मागचे दोन खिसे एकमेकांकडे सरकत चालले होते, पण मास्तर मागच्या खिशात कधी काही ठेवत नसत. त्यांच्या मते त्याने कपड्याची बसण बिघडते.

समोरचा औषधवाला एकदा म्हणाला, "मास्तर, बारीक झालात हो!"

"तोंड उतरलंय रे, पोट नाही," मास्तर म्हणाले. "पँट बघ ना, जशीच्या तशी घट्ट."

हे ऐकताना बाईंनी मान वर केली नाही.

बाईंचा हिशोब साधा होता. माप हलत नाही म्हटल्यावर माणूस कंटाळेल, हात टेकेल, घरी बसेल. संसार एवढा केला, पण नवरा अजून कळला नाही म्हणायचा! माप हलत नाही म्हटल्यावर मास्तरांनी चालणं दुप्पट केलं.

डायलिसिसच्या दिवशी तर ते चार तास खालीच असत. बाईंची खाट तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला लागून. हात मशीनला बांधलेला, पण मान वळवली की खालचा रस्ता दिसे. मास्तर दवाखान्याच्या कुंपणाभोवती फेऱ्या मारत. फाटकापाशी आले की वर न बघताच हात उंचावायचे आणि पुढे जायचे. एका फेरीला नऊ मिनिटं. आधी सहा फेऱ्या व्हायच्या, मग दहा, मग पंधरा. बाई भिंतीवरचं घड्याळ आणि खिडकी यांच्यामध्ये जीव टांगून पडून राहायच्या.

ठरलेल्या मंगळवारच्या आधीचा शुक्रवार होता. ऊन मी म्हणत होतं. बाराव्या फेरीला मास्तरांनी हात उंचावला तो अर्धाच. नऊ मिनिटं झाली. दहा झाली. बाईंनी मान इतकी वळवली की सुईपाशी कळ आली. बारा झाली. कोणी ओळखीचं भेटलं असेल. पाणी प्यायला थांबले असतील. पंधरा. फाटकातून एक गाडी आत आली, एक बाई छत्री उघडून बाहेर पडली. मास्तरांचा पत्ता नाही.

"सिस्टर!" बाई ओरडल्या. "अहो सिस्टर, आमचे हे खाली दिसत नाहीत!"

"येतील हो आजी. अजून तुमचे दोन तास आहेत."

"येतील काय येतील! नऊ मिनिटं लागतात त्यांना, आता वीस झाली. हे काढा, मला खाली जायचंय."

"असं मधेच नाही काढता येत. रक्त बाहेर आहे तुमचं. हलू नका!"

आपलं रक्त नळीतून बाहेर जातंय, परत आत येतंय, आणि आपण बांधलेल्या. आपणच त्यांना उन्हात पिटाळलं. ऑपरेशनच्या टेबलावर काही होऊ नये म्हणून आपण शिवणी आत घेत बसलो, आणि माणूस रस्त्यावर पडला असेल. माझ्या हातांना काय झालं होतं, कशी बुद्धी फिरली, असं त्या पुटपुटत राहिल्या. शेवटी दया येऊन सिस्टर खाली गेली.

पस्तिसाव्या मिनिटाला ती मास्तरांना घेऊन वर आली. मागच्या फाटकाच्या पायरीवर बसले होते, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून. सकाळपासून पोटात एक चहा, तोही बिनसाखरेचा. चेहरा पांढराफटक, आणि वर हसत होते.

"काही नाही गं. जरा टेकलो होतो. तीन फेऱ्या राहिल्या बघ."

बाईंना त्यांना जवळही घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. हात बांधलेला असल्यामुळे दोन्ही राहून गेलं.

रविवारी बाईंनी टेप लावला. वही उघडी, मास्तर पाठमोरे, पेन्सिल तयार.

"एकोणचाळीस."

पेन्सिल थांबली. "किती?"

"एकोणचाळीस. खरं सांगते."

मास्तर वळले. ते बाईंकडे बघून खुदकन हसले.

"मला खुळा समजतेस? मागच्या रविवारी साडेएकेचाळीस, आणि आज एकोणचाळीस? शुक्रवारी घाबरलीस तू. मी चालू नये म्हणून हे सगळं चाललंय. अगं, तुझ्या तोंडून खोटं माप! या वहीसमोर!"

"अहो, खोटं आज नाही बोलत आहे मी..."

"पुरे. परवा काटा आहे. आज संध्याकाळी दोन तास आणि उद्या चार तास चालतो, बघू काय उतरतं ते." आणि ते चपला शोधायला लागले.

बाईंनी दाराला कडी घातली. आत गेल्या, दोरीवरची पँट ओढून आणली, उलटी केली आणि कटिंगच्या टेबलावर पसरली. मागची शिवण वर.

"माझं ऐकू नका. हिला विचारा."

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला. अंगठा शिवणीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. एकदा, दोनदा. शिवणीच्या बाजूला जुन्या उसवलेल्या शिवणींच्या बारीक भोकांच्या रेघा होत्या, एकीशेजारी एक. त्यांनी नखाने त्या मोजल्या. सहा. शेवटी दोनदा उलटा टाका मारून दोरा तोडायची सवय कोणाची, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. पँट सुलटी करून त्यांनी मागचे खिसे बघितले. दोन्हींच्या मध्ये बोटभरसुद्धा जागा उरली नव्हती.

"तीन इंच," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "आणि मी वहीत काय काय लिहीत बसलो."

"मी सांगितलं ते लिहिलंत."

"माझ्या कामात फसवलंस मला. दुसऱ्या कशातही फसवलं असतंस तर चाललं असतं."

"हो, फसवलं!" बाईंचा बांध फुटला. "तुमचे भाऊ हसत गेले होते. तुम्हीही तसेच हसत जाल. मग मी तुमची किडनी पोटात घेऊन कोणासाठी जगू? लेक तिच्या घरी. मी या दुकानात मशीनसमोर एकटी बसू? कोणाचं माप घेऊ?"

मास्तर खुर्चीत बसले. मग पँटवरून हात फिरवत म्हणाले, "आणि मी? तू मशीनवर असतेस ते चार तास मला वर बसवत नाही. तुझा तो हात बघवत नाही. मी वजन उतरवायला चालतो खरा, पण सहा फेऱ्यांनी भागलं असतं. बाकीच्या फेऱ्या भीतीपायी मारतो. मलाही एकट्याला या दुकानात बसायचं नाहीये गं."

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी ड्रॉवरमधून पातं काढलं. बाईंना वाटलं, रागाने फाडतात की काय. पण त्यांनी मागची शिवण सावकाश, टाका टाका करून उसवली. एक पँट झाली, मग दुसरी, मग तिसरी. धागे वेचून काढले. वहीतली खोटी मापं मात्र खोडली नाहीत. खाली फक्त एकोणचाळीस लिहिलं.

मंगळवारी डॉक्टरांच्या खोलीत मास्तर काट्यावर चढले ते उजव्या हाताने पँटची कंबर मुठीत धरून. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत. नक्की काय व्हावं अशी इच्छा आहे हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

"ऐंशी पॉइंट सात," सिस्टर म्हणाली.

"वा, मास्तर!" डॉक्टर हसले. "दहाएक किलो! पण काय हो, शिंप्याच्याच पँटची ही दशा? आत घ्यायची ना कंबर."

मास्तरांनी मूठ तशीच ठेवून बाईंकडे बघितलं. "घेतली होती हिने. मीच उसवली. आता ही बरी होऊन घरी आली की पुन्हा घेईल. तोवर मी अशीच धरून ठेवतो. दुसऱ्या कोणाच्या हातची शिवण मला चालत नाही."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद बाईंपुढे सरकवला. मास्तरांची सही त्यावर आधीच होती, खालची जागा रिकामी होती. डॉक्टर समजावून सांगू लागले: धोका कमी आहे, पण अजिबात नाही असं कोणी म्हणणार नाही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. भीती गेली नव्हती. ती होती तिथेच.

त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. मग मास्तरांकडे बघून दटावलं, "मूठ सोडू नका हं. मी येईपर्यंत."

"नाही सोडत," मास्तर म्हणाले.