यादीत नसलेला एकोणिसावा

या, बसा, पण मला हात लावण्याआधी विचारा. ही सवय इथल्या माणसांना फार उशिरा लागली. मी पस्तीस लिटरचा निळा कॅन बोलतोय. सध्या रिकामा आहे, तीनदा धुतलेला आहे, आणि तासाभरात माझ्या अंगाला भोकं पडणार आहेत. तेवढ्या वेळात, आजवर काय घडलं ते सांगून घेतो.

जन्म म्हणाल तर साच्यातला. गरम प्लॅस्टिक फुगवलं आणि झालो मी. माझ्यासारखे दिवसाला चारशे निघायचे, त्यामुळे नाव ठेवायला कुणाला सवड नव्हती. नाव मिळालं ते पोटात हायड्रोक्लोरिक ॲसिड भरल्यावर. छातीवर लेबल लागलं. त्यावर नाव, तारीख आणि लाल चौकटीत एक चित्र: थेंब पडतोय आणि हाताची कातडी जळतेय. अशी ओळख बघून कोण प्रेमाने जवळ येणार? पण निदान लपवाछपवी नव्हती.

मी ज्या कारखान्यात आलो तिथे फरशी आणि संडास धुण्याची औषधं बनत. मालकीणबाई वरच्या मजल्यावर बसत, आणि त्यांचे धाकटे दीर कचेरी सांभाळत. दोघांचं छान पटायचं, कारण कुणीच कुणाला फारसं विचारत नसे.

गोदाम होतं तोंडपाठकाकांकडे. हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण प्रत्येक पिंप, पोतं आणि कॅन आपल्याला तोंडपाठ आहे, असं ते वीस वर्षं सांगत आले होते. नोंदवही होती. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली.

मला नळाजवळ ठेवलं होतं. नळ ठिबकायचा. पावणेदोन महिन्यांत लेबल भिजलं, सुटलं आणि जमिनीवर पडलं. तिथून ते कुणाच्या तरी बुटाच्या तळव्याला चिकटून फाटकाबाहेर गेलं. मी नुसता निळा उरलो. तसे निळे कॅन गोदामात अजून अकरा होते, त्यात बहुतेक साबणाचं पाणी.

मग सरकारी पत्र आलं. आवारात जे जे रसायन असेल त्याची नोंदणी करा. नाव, साठा, धोका, प्रथमोपचार सगळं लिहा. एकमेकांशी न पटणारी रसायनं लांब ठेवा. दिरांनी यादी मागितली. काकांनी डोळे मिटून अठरा नावं घडाघडा सांगितली. मी समोरच उभा होतो. डोळे उघडे असते तर दिसलोही असतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी दीर स्वतः मोजायला आले आणि माझ्यापाशी थांबले.

"हा कोण?"

काकांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "असेल काहीतरी."

"काहीतरी असं यादीत लिहिता येत नाही, काका."

"मग नका लिहू."

इतका सोपा उपाय सापडल्याने दोघांनाही हायसं वाटलं. वर मालकीणबाईंनी विचारलं, "भावोजी, यादी पुरी आहे ना?" "अगदी पुरी, वहिनी." त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिरांच्या खोलीत, भरतकामाच्या मेजपोशाखाली, डोक्यावर फुलदाणी घेऊन उभा होतो. निरीक्षकबाई आल्या. बारीक चष्मा, रबरी बूट, हातात जाडजूड फाइल. गोदामभर फिरून त्या खोलीत आल्या, फुलदाणी बाजूला सारली आणि फाइल माझ्यावर टेकवून लिहायला लागल्या.

"अठराच?"

"अठराच," दीर म्हणाले.

त्यांनी सही केली. मी इथे नाही, यावर माझ्याच डोक्यावर बाईंचं शिक्कामोर्तब झालं.

बाई गेल्यावर फुलदाणी जागेवर गेली आणि मला 'तात्पुरतं' म्हणून सफाईच्या खोलीच्या कोपऱ्यात ढकललं. तात्पुरतं म्हणजे काय हे कचेऱ्यांत राहिलेल्या कुठल्याही वस्तूला विचारा.

कारखान्याची सफाई काकू करायच्या. काकू म्हणजे तोंडपाठकाकांची बायको. एके दिवशी त्यांना सणसणीत सर्दी होती. संडासाच्या फरशीवर ब्लीच ओतून झालं होतं, घासायला साबणाचं पाणी कमी पडलं. त्यांनी गोदामाच्या दारातून विचारलं, "अहो, सफाईच्या खोलीत कोपऱ्यात कॅन आहे, त्यात काय आहे?"

"निळा ना? साबणाचं पाणी," काका वर न बघता म्हणाले.

काकूंनी माझं झाकण उघडलं. माझा वास डोळ्यांत पाणी आणणारा, पण सर्दीपुढे त्याचं काही चाललं नाही. मगभर घेऊन त्या गेल्या. मी अडवू शकत नव्हतो. छातीवरचं ते चित्र असतं तर त्याने अडवलं असतं. काकूंना वाचायला चष्मा लागायचा, चित्राला लागला नसता.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू होतो. पलीकडून हातातला मग पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ खोकला, नंतर नुसती घरघर. काका धावले. ते म्हातारे गृहस्थ एवढे धावू शकतात हे त्यांना स्वतःलाही माहीत नसावं. त्यांनी काकूंना ओढत मोकळ्या हवेत आणलं. कामगार जमले. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि म्हणाले, "दार उघडं होतं म्हणून वाचल्या. ओतलं काय होतं?"

कुणालाच सांगता येईना. काकांनी डोळे मिटले. आत काहीच नव्हतं.

काकू वाचल्या, पण तीन आठवडे आवाज गेला. तीस वर्षं ज्या घरात दिवसभर बोलणी बसत, तिथे सामसूम झाली. काका गोदामात येऊन सांगायचे, "काल ती एक शब्द बोलली नाही हो," आणि रुमालाने नाक पुसायचे. मग काकूंनी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. आधी काकांना, मग डब्यांना. मीठ. सोडा. साखर. एके दिवशी काकांच्या टोपीच्या आत चिठ्ठी निघाली: 'हे डोकं. यावर विसंबू नये.' काकांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. कुणी हसलं नाही, मग काका स्वतःच हसले, आणि मग सगळे.

त्याच दिवशी ते वर गेले. "बाईसाहेब, अठरा नाहीत. एकोणीस आहेत."

दीर म्हणाले, "आता कशाला उकरून काढता काका? सही झालीय."

मालकीणबाईंनी फोन पुढ्यात ओढला. "सही माझी आहे, भावोजी," त्या म्हणाल्या, आणि निरीक्षकबाईंना फोन त्यांनी स्वतः लावला.

निरीक्षकबाई आल्या, सगळं ऐकलं. "म्हणजे मी फाइल ठेवली होती ते टेबल…"

"टेबल नव्हतं," दीर पुटपुटले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग कारखाना दहा दिवस बंद ठेवायचा हुकूम लिहिला आणि अहवालात स्वतःची चूकही लिहिली, फुलदाणीसकट.

माझी तपासणी झाली आणि मला नाव परत मिळालं. नोंदवही टेबलाखालून निघाली. त्या दिवसापासून टेबल डुगडुगतं. काका 'हायड्रो'पर्यंत लिहून थांबले आणि पुढचं दिरांना विचारलं. दिरांनाही येईना. काकूंनी तपासणीच्या कागदावरून बघून लिहिलं. ब्लीच एका टोकाला गेलं, मी दुसऱ्या. खाली सांडलं तर झेलायला तबक, वर नवं लेबल, भिंतीवर अडकवलेले हातमोजे. राजासारखे पाच महिने काढले. माझ्यातला थेंब न् थेंब मोजून वापरला गेला.

आज रिकामा झालो. फाटकावरचा राखणदार सकाळपासून घिरट्या घालतोय. "चांगला आहे की कॅन. धुऊन घरी पिण्याचं पाणी भरतो."

"मिळायचा नाही," काका म्हणाले. "याला भोकं पाडायची आहेत. नियम आहे."

"तुम्ही नियमाचे कधीपासून झालात?"

"बायकोचा आवाज गेला तेव्हापासून," काका म्हणाले आणि ड्रिल शोधायला गेले.

मला वाईट वाटत नाही. माझ्यातून कुणाच्या पोरीने पाणी प्यावं, त्यापेक्षा चाळण झालेली बरी. तुमच्याही मोरीत थंड पेयाच्या जुन्या बाटलीत कसलंतरी औषध उभं असेल. काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, मान्य. पण घरात तुम्ही एकटे राहत नाही. आज उठून त्यावर नाव लिहा, मोठ्या अक्षरात, आणि पोरांचा हात पोचणार नाही तिथे ठेवा.

काका आले. त्यांनी हातमोजे घातले, चष्मा लावला. काकू मागून घोगऱ्या आवाजात सांगताहेत, "नीट धरा, हात सांभाळा." काका मान डोलावताहेत आणि मला गुडघ्यांत घट्ट धरताहेत. येतो मी.