टाकळवाडी पाटीवरची रांग

मल्लिकार्जुन शेठच्या घरात त्या साली सगळ्यांत आधी अंघोळ गाडीची व्हायची.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, अहमदपूरकडं जाणारा रस्ता नव्या डांबरानं काळाभोर झाला. पाणी मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिलं असावं. बदलीचा हुकूम त्याला पोचलेला दिसत नव्हता. शेठचं दुकान सिमेंटचं. कचेऱ्या बांधायच्या म्हटल्यावर सिमेंटला दुष्काळ नसतो. त्या बरकतीतून एक लाल मारुती दारात आली होती आणि शेठ तिला रोज सकाळी बादलीभर पाण्यानं न्हाऊ घालत होते.

"भाजी धुवायला तांब्याभर मागितलं तर मला जपून वापर म्हणता," त्यांची बायको महादेवी उंबऱ्यातून म्हणाली.

"भाजी काय रस्त्यावर पळती का? काचेवर धूळ राहिली की म्होरचं दिसत न्हाई."

"धुतल्यावर तरी तुला कुठं दिसून राहिलंय, मल्लू!" आतून आई, नागम्मा, ओरडली. विभूतीचे तीन पट्टे कपाळावर ओढता ओढता तिनं रोजचा आहेर केला. ती त्या गाडीला गाडी म्हणत नसे. 'ते लाल' म्हणायची.

वाचकहो, हसू नका. आपल्या घरातही असं एखादं 'लाल' असतंच. कुणाचं दारात उभं असतं, कुणाचं डोक्यात.

त्या दिवशी अहमदपूरला पुतणीच्या लेकराचं बारसं होतं. महादेवी आदल्या दिवशीच एस.टी.नं सुखरूप पुढं जायचं म्हणत होती. शेठनी हट्टानं थांबवलं, तरी सकाळी ती एस.टी.नंच गेली. राहिली नागम्मा. ती पाठीमागच्या सीटवर गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसली.

गाव सुटलं. शेठनी चौथा गिअर टाकला, आणि मंडळी, त्या माणसाचा चेहरा बदलला! दुकानात दिवसभर उधारीवाल्यांना हात जोडणारा माणूस तो नव्हेच. स्टिअरिंग असं हलकं, की बोट लावलं तरी ऐकावं. पायाखाली इंजिन एका सुरात गात होतं. पाय थोडा दाबला की सूर चढायचा आणि पाठ सीटला चिकटायची. पोटात झोपाळा उलटा आल्यासारखा गोड गोळा उठायचा. काटा ऐंशीच्या पुढं गेला, तशी दोन्हीकडची कडुलिंबं मागं पळू लागली, उजाड रानं एकमेकांत मिसळून पिवळी झाली. दुष्काळसुद्धा त्या वेगात बरा दिसत होता.

"हळू घे रे!"

"अव्वा, वेगातच सगळं साफ दिसतं. हळू गेलं की मनात नाही नाही ते येतं."

"मग येऊ दे की. मन त्याच्यासाठीच असतं."

समोर एस.टी. आडवी आली. तिच्या मागं धूर खात जाणं म्हणजे शेठच्या इज्जतीचा सवाल! हॉर्नवर तळहात दाबून त्यांनी गाडी उजवीकडं काढली. एस.टी. मागं पडली. पण समोरून कडब्याची बैलगाडी आली, शेठनी झटक्यात डावीकडं घेतलं, आणि डांबराच्या कडेला उतरून ते 'लाल' ज्या जागेवरून गेलं, ती टाकळवाडी पाटी, म्हणजे गावाकडं वळायचा फाटा, होती.

टाकळवाडीच्या विहिरी आटल्या होत्या. गावात टँकर शिरत नसे, म्हणून तो पाटीच्या दगडापाशी थांबायचा. उन्हात कोण उभं राहणार? बायांनी आपापल्या घागरी रांगेत मांडायच्या आणि समोर लिंबाखाली बसायचं. घागर म्हणजे माणूस. घागर जिथं, नंबर तिथं. प्रत्येक घराची रंगाची खूण घागरीवर असे. रांगेचं तोंड लातूरकडं, कारण टँकर तिकडून यायचा. शेपटीला पाणी क्वचितच पोचायचं.

शेठ त्या रांगेवरून तोंडापासून शेपटीपर्यंत गेले.

कसला आवाज झाला म्हणून सांगू! पितळ, पत्रा, प्लास्टिक, सगळं एकदम बोललं. गाडीखाली काहीतरी घर्र्र करत फरफटत गेलं आणि गाडी बरीच पुढं जाऊन, पुन्हा डांबरावर चढून थांबली. माणूस एक नाही दुखावलं. ते शेठचं कौशल्य नव्हे, लिंबाच्या सावलीचं.

"धरा मुडद्याला!" एक बाई ओरडली. काही गडी बाभळीच्या फांद्या ओढत आले आणि गाडीपुढं टाकल्या. शेठनी काच वर केली. मग लक्षात आलं, कुणी त्यांच्याकडं बघतच नाही. मागं रस्त्यावर गाव एकमेकांच्या उरावर बसलं होतं.

कारण असं, की ती रांग साधी नव्हती. आजवर वरल्या आळीच्या घागरी आधी भरायच्या, मग उरलं तर बौद्धवाड्याच्या. कोंडाबाई नावाच्या बाईनं ते मोडलं. टँकरपुढं आडवी पडली, तहसीलदाराला पाटीवर आणलं, आणि ठरवून घेतलं, की एकच रांग. जो आधी आला तो आधी. त्या गोष्टीला महिनासुद्धा झाला नव्हता. आज पहाटे ती सगळ्यांच्या आधी आली होती. आता रांग मोडली होती, आणि मोडलेली रांग पुन्हा मांडताना जुनी सवय सगळ्यांत पुढं धावते!

"आमच्या घागरी म्होरं व्हत्या!" वरल्या आळीचा संगप्पा दगडापाशी पाय रोवून ओरडत होता.

"खोटं! पयली माझी व्हती," कोंडाबाई म्हणाली. साठीची, काटक बाई. आवाज टिकाव मारल्यासारखा. "निळ्या खुणेची."

"मग दाव की! कुठं हाय तुझी घागर?"

कोंडाबाईनं रस्ता पालथा घातला. खड्ड्यात बघितलं, काट्यात बघितलं. सगळ्यांच्या घागरी चेपलेल्या का होईना, सापडल्या होत्या. तिचीच नव्हती.

"आणलीच नसल!" संगप्पा हसला. "घागरीबिगर नंबर लावून राहिली बाई. तहसीलदाराला इचार जाऊन! चला रं, आपल्या मांडा म्होरं. जुनं तेच बरं हाय."

वरल्या आळीच्या बाया घागरी उचलू लागल्या. दुरून, लातूरच्या अंगानं, टँकरचा घरघराट यायला लागला.

शेठ गाडीबाहेर उतरले. रांग वगैरे त्यांच्या मनात नव्हतं. गाडीला किती लागलं, ते बघायचं होतं. ते वाकले. पुढच्या बंपरखाली एक पितळी घागर घट्ट अडकून बसली होती. तिच्या गळ्यावर निळ्या रंगाचा फटकारा.

त्यांच्या खांद्याशी कुणीतरी वाकलं. संगप्पा होता. तो दुकानातलं जुनं गिऱ्हाईक. एकाच मठाचा माणूस. त्यानंही घागर पाहिली.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "चावी फिरवा. काटे आम्ही काढतो. म्होरं वढ्यात पडल कुठंतरी. तुम्ही बारशाला जा, आम्ही पाण्याला. कुणाचंच नुकसान न्हाई."

खरं सांगायचं तर शेठना ते पटलं. अडकलेली घागर ओढली तर बंपर खरवडणार, अंगातला पांढरा सफारी सूट डांबरात बुडणार, आणि गावापुढं गुन्हेगार म्हणून उभं राहावं लागणार. ते दारातून आत वाकले, हात किल्लीकडं गेलासुद्धा.

"मल्लू."

नागम्मा दुसऱ्या दारानं कधी उतरली, कळलंच नव्हतं.

"मघाशी म्हणून राहिला व्हतास, वेगात सगळं साफ दिसतं. रांगेत किती माणसं व्हती? कोण म्होरं, कोण मागं? सांग की."

"अव्वा, मी… काहीच दिसलं न्हाई मला. नुसतं चमकलं काहीतरी."

"आता तर गाडी हुबी हाय! आता तरी दिसतंय का?"

"अव्वा, तुम्ही यात पडू नका," संगप्पा म्हणाला. "आपल्या माणसाची गोष्ट हाय."

नागम्मा त्याच्याकडं वळली. "कपाळाला विभूती लावतोस आणि घागरी येगळ्या मांडतोस? बसवण्णांनी आळ्या मोडल्या, आणि तू पाण्यात आळ्या पाडून राहिलास, हरामखोरा!" मग लेकाकडं. "आणि तू! त्या बाईनं पहाटेपासून, नव्हं, जलमभर वाट पाहून एक नंबर मिळवला. तू तो एका झटक्यात गाडीखाली घेतलास. ते चुकून झालं म्हणशील. पण आता निघून गेलास, तर ते चुकून न्हाई! तुझी मजा तिच्या तहानेवरून चाललीय, एवढं तरी कळू दे!"

टँकर वळणावर दिसू लागला.

शेठनी किल्ली काढून खिशात टाकली. मग तो पांढऱ्या सफारीतला माणूस तापलेल्या डांबरावर पालथा झोपला! कोपरं भाजली. घागर हलेना. त्यांनी पाय टेकवून ओढलं. लाल रंगाचा लांब पापुद्रा निघाला, बंपर एका बाजूनं लोंबकळला, आणि घागर बाहेर आली.

"थांबा!" ते ओरडत पळाले. "थांबा! पयली घागर ही व्हती! रांगेचं तोंड माझ्या गाडीनं आधी धरलं, आणि हीच अडकली! बाई खरं बोलून राहिली!"

संगप्पा मागनं पळत आला.

"शेठ, आपल्या माणसाच्या उलट बोलताय," संगप्पा म्हणाला. "पुन्हा सिमेंटला येत न्हाई तुमच्याकडं."

"नको येऊस."

घागर कोंडाबाईपुढं धरून शेठ उभे राहिले. वाटलं, बाई दोन शब्द बरे बोलेल. कोंडाबाईनं घागरीकडं पाहिलं. तिची एक कूस पार आत गेली होती.

"माझ्या हातात काय देतूस? जिथनं उचलली, तिथं ठेव."

शेठनी ती दगडापाशी ठेवली. मागं एकेक घागर येऊ लागली. वाद झाले, शिव्या झाल्या, पण पहिली घागर जागेवर बसल्यावर दुसरीचा मालक आठवू लागला, मग तिसरीचा. 'माझ्या म्होरं बौद्धवाड्याच्या भीमाची व्हती,' वरल्या आळीची एक बाई संगप्पाकडं न बघता म्हणाली.

"आता हिच्यात पाणी कमीच मावणार," टँकरची नळी घागरीत धरून कोंडाबाई म्हणाली.

"नवी आणून देतो, माय."

"आणशीलच. पण हळू आण."

कुणी हसलं नाही. काटे मात्र कुणीतरी बाजूला केले. शेठ गेले नाहीत. बारसं उरकत असणार, पुतणी रुसणार. शेवटची घागर भरेपर्यंत मायलेकरं उन्हात रांगेशेजारी उभी राहिली.

रांग अजून निम्मीच भरली होती, तेव्हा अहमदपूरकडून एक नवी कोरी जीप धुळीचा लोट उडवत येताना दिसली. तोच सूर, तोच चढता आवाज. शेठनी तो डोळे मिटूनही ओळखला असता. ते रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. जीप त्यांच्या अंगावर येत येत करकचून थांबली. आतल्या माणसानं डोकं बाहेर काढलं.

"मरायचंय का? रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?"

"न्हाई ना," शेठ म्हणाले. "म्हणूनच थांबवलं."

नागरिक बंधुभगिनींनो, वेगाची हौस जरूर करा. ती गोड असते, हे मल्लिकार्जुन शेठ आजही नाकबूल करत नाहीत. पण ज्या रस्त्यावर दुसऱ्याची तहान रांग लावून बसली आहे, तिथं गाडीचा वेग आपल्या पायानं नव्हे, त्या रांगेनं ठरवायचा असतो. एवढं कळायला लायसन लागत नाही. लाज लागते!