पहिल्या बाकाचा पडदा

मित्रांनो, मी पडदा हाय. जुना, जाड अन् मिजाशी. लातूरच्या एका क्लासाच्या खिडकीला लटकून राहिलोय. पडद्याला कसलं आलंय आयुष्य, म्हणाल. ऐका तर खरं.

आधी मी तंबू होतो. भूकंप झाला, किल्लारीकडली घरं भुईसपाट झाली, तवा एका कुटुंबाच्या डोक्यावर मी उभा राहिलो. जमीन जराशी हालली की लेकरं मलाच घट्ट धरायची. पुढं त्यांना घरं मिळाली अन् मी भंगारात गेलो. तिथनं गंजगोलाईच्या बाजारातल्या जिलानी टेलरनं मला उचललं. "ऐसा कपडा अब कां मिलता?" म्हणत त्यानं मला टरकावलं, शिवलं, कड्या लावल्या.

त्या सालांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघून राहिले होते. मुखेड, भोकर, हदगाव, कुठनं कुठनं पोरं ट्रंका घेऊन यायची. विरूपाक्ष सरांच्या क्लासात मी खिडकीवर चढलो. वारा आला की सरांच्या टकलावर टप्पल हाणायची, हाच माझा धंदा. पोरी ओढणीत तोंड खुपसून हसायच्या.

सरांचा एक नियम होता. दर सोमवारी परीक्षा, अन् मार्कावर जागा. पहिला नंबर खिडकीपाशी, पहिल्या बाकावर. शेवटचा पार कोपऱ्यात, भिंतीला. आईबाप भेटायला आले की दारातनंच बघायचे, आपलं लेकरू खिडकीपासून किती लांब हाय.

मुखेडची महामाया पहिल्याच परीक्षेत खिडकीपाशी आली. तिची माय भामाबाई बाजारात भाजी विकायची. लेक डॉक्टर होणार, असं तिनं अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलेलं. मग उन्हाळा लागला अन् दुपारची लाईट जायला लागली. लाईट गेली की सर मला सर्रकन बाजूला सारायचे, अन् ऊन थेट महामायाच्या अंगावर. हातामानेवर लाल पुरळ उठायचं, आग व्हायची. धुळीपायी काच बंद असायची, म्हणून हे उन्हानं होतंय असं कुणाला सुचेना. मागनं एक पोरगी कुजबुजली, "खरूज हाय वाटतं. सरक तिकडं."

तवापासून तिचे मार्क घसरले. पण मी वरनं बघत होतो ना! ती पानाच्या कोपऱ्यात बरोबर उत्तर काढायची, पुसायची, अन् मुद्दाम चुकीचं लिहायची. घसरत घसरत ती भिंतीला पोचली, सावलीत. तिथं शेजारी जिलानीची लेक बुशरा.

एका सोमवारी सरांनी फर्मान काढलं. "आज जे खाली राहतील, त्यांनी आपापल्या गावी जायचं. मेडिकलची जागा म्हंजे पोरखेळ न्हाई!"

महामायापुढं पेपर आला. बरोबर लिहावं तर खिडकी, चुकीचं लिहावं तर मुखेडची एस्टी. तिनं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.

बुशराला राहवेना. "सर, हिला सगळं येतं. ही मुद्दाम चुकून राहिली."

"गप की गं!" महामायानं तिची ओढणी खेचली.

सरांचा पारा चढला. "मुद्दाम? माझ्या क्लासाची मस्करी? चल, खिडकीपाशी बसून सोडव माझ्यासमोर!"

तेवढ्यात लाईट गेली. सरांनी मला हिसका दिला. मी कड्या अडकवून लई जोर लावला, पण सर पैलवान गडी. दाबून बसवलं मला बाजूला.

महामाया उन्हात बसली अन् लिहीत राहिली. लिहिलं तेवढं एकूण एक उत्तर बरोबर. सरांचा चेहरा खुलला. इकडं पुरळ मनगटावरनं कोपराकडं चढून राहिलं होतं. ती खाजवेना, की हूं का चूं करेना.

बुशरानं धावत येऊन मला खस्सकन ओढलं. "सर, हात तर बघा तिचा!"

सर गोंधळले. "अगं, काच तर बंद हाय."

"काचेतनं बी येतंय, सर," महामाया हळूच बोलली. "नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हाची ॲलर्जी हाय. उन्हातली काही किरणं काचेला जुमानत न्हाईत. दुसऱ्याला लागत न्हाई हे."

"मग आधी का न्हाई बोललीस?"

"खरूजवाली म्हणून आख्खा बाक रिकामा झाला असता, सर. अन् पहिला नंबर खिडकीलाच बसतो, हा तर तुमचाच नियम."

सरांनी खिडकीकडं बघितलं. मग बाह्या सारून म्हणाले, "माझाच ना? मग मीच मोडतो. उचला रे तो बाक!"

चार पोरांनी पहिला बाक उचलून भिंतीला नेला. महामाया तरी तिथंच उभी.

"आता काय?"

"पेपर राहिलाय, सर. वेळ वाढवून द्या."

आख्खा क्लास हसला. सर बी.

आता ती लांब बाह्या घालून, मलम लावून, छत्री घेऊनच बाहेर पडते. मित्रांनो, माझी बाहेरची बाजू कधी बघा. उन्हानं रंग खाल्लाय, बोट लावलं की सूत निघतं. मी तर तंबूचं कापड. माणसाची कातडी किती पातळ! म्हणून एकच मागणं. पडदा सारायच्या आधी जरा वळून बघा, तिथं कोण बसलंय. अन् कुणी सावली मागितली, तर कारण मागनं विचारा. आधी मला ओढा.